काकूंना विचारलं होतं का?

बसू नका. उभेच राहा तिघंही. ती बाटली टेबलावर ठेवा आणि मोबाईल खिशात घाला. फोटो मी बघितलाय, गावानेही बघितलाय. ‘असईच्या लढाईतली, वेलस्लीच्या फौजेची अस्सल बाटली. किंमत विचारा.’ यांना इतिहास कुणी शिकवला, असं कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका.

आधी बाटलीकडेच बघू. गळ्याला चिमटा, आत काचेची गोटी. ही गोटी सोड्याची बाटली. तुमच्या आजोबांनी जत्रेत अशी फोडून प्यायलेली आहे. हिरम कॉड नावाच्या इंग्रजाने तिचं पेटंट घेतलं ते १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला. असईची लढाई झाली २३ सप्टेंबर १८०३ रोजी. म्हणजे इंग्रज सेनापती वेलस्लीच्या शिपायांनी सत्तर वर्षं आधीच सोडा प्यायला म्हणायचा! शिवाय लढाई झाली केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात. तुम्ही खणलंत कुठे? इथे, जालन्याजवळ, काकूंच्या मोसंबीच्या बागेत. इतका खोटेपणा तर जुन्या बाजारातला मुरलेला दलालसुद्धा करत नाही. त्याला गिऱ्हाईक परत यायला हवं असतं.

पण मी तुम्हाला बोलावलंय ते यासाठी नाही. अज्ञान मी माफ करतो, तोच माझा धंदा होता. मला एवढंच सांगा, काकूंना विचारलं होतं का?

‘गड्याला विचारलं होतं.’ वा! दोन मोटारसायकली, पहार, टिकाव आणि तो डिटेक्टर घेऊन तुम्ही बांधावर उभे राहिलात आणि सालदाराला म्हणालात, जरा खणतो रे. तो काय म्हणणार? तुमच्यातल्या एकाचे वडील सोसायटीवर आहेत, दुसऱ्याचा चुलता ग्रामपंचायतीत. त्याला या गावात पुढची सालं काढायची आहेत. वर हातावर दोनशे रुपये ठेवलेत, म्हणजे उद्या जाब विचारला तर दोषी तो. ज्याला ‘नाही’ म्हणणं परवडत नाही, त्याचं ‘हो’ घेऊन आलात आणि त्याला परवानगी म्हणता? बाग त्याची नाही. झाडं त्याची नाहीत. देणं त्याच्या हातात नव्हतं, आणि हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणूनच काकू लग्नाला गेलेल्या दिवशी गेलात.

‘बाग सोडून दिलेली वाटली, सर.’ कोण म्हणालं ते? तू? शेतकऱ्याच्या पोटी जन्माला आलास ना? आंब्या बहारासाठी पाणी तोडलं होतं त्या बागेचं. पानं पिवळी पडून गळत होती, जमीन भेगाळली होती. याला ताण म्हणतात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी छाती फुगवली, आणि ताणावरची बाग ओळखू येत नाही! झाड तहानेने मेटाकुटीला आलेलं असताना तुम्ही त्याच्या बुडाशी गुडघाभर खड्डे घेतलेत. मोसंबीची अन्न घेणारी मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. ती तोडलीत. तुटल्या मुळाला पाणी लागलं की बुरशी शिरते, पुढे खोडातून डिंक गळायला लागतो. ठिबकच्या नळ्या दोन ठिकाणी कापल्यात. आणि खड्डे बुजवले म्हणे! खालचा चुनखडीचा मुरूम वर आणि वरची काळी माती खाली, असे बुजवलेत. चुनखडीत मोसंबीचं झाड पिवळं पडतं, हे कृषी सहायकाला विचारायचीही गरज नाही.

२०१२ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी कुऱ्हाडी लावल्या, सरपण झालं. ज्यांना जमलं त्यांनी विकतच्या टँकरने झाडं जगवली. काकूंची ही झाडं त्यांतली आहेत. त्यांनी त्यासाठी काय विकलं, ते मी सांगणार नाही. तो त्यांचा मामला. तुम्ही तिथे काचेच्या बाटलीसाठी खणत होता.

आता कायदा सांगतो, कारण ‘पडून होतं ते घेतलं, त्यात काय’ हे वाक्य मी आज तिसऱ्यांदा ऐकतोय. जमिनीत रुतलेली वस्तू जमिनीचा भाग असते, तोवर तिची चोरी होत नाही. ज्या क्षणी ती उपटून सुटी केली, त्या क्षणापासून ती चोरीचा विषय होते. आधीच्या दंडसंहितेत हे होतं, आताच्या न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही आहे. तुम्ही समजता की खणण्याच्या कष्टाने वस्तू तुमची होते. कायदा नेमकं उलटं म्हणतो.

दुसरा कायदा १८७८ चा, जमिनीत सापडणाऱ्या ठेव्याचा. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर कलेक्टरला लेखी कळवायचं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद. सोड्याच्या बाटलीला हा कायदा लागतो का, यावर वकील भांडत बसतील. मला त्यातली वाटणी दाखवायची आहे. ठेव्याचा खरा मालक कुणीच निघाला नाही, तर तीन हिस्से ज्याला तो सापडला त्याचे आणि एक हिस्सा जमिनीच्या मालकाचा. गोऱ्या सरकारने केलेला कायदा आहे हा. परक्या राज्यकर्त्याला जमिनीच्या धन्याचा चौथा हिस्सा आठवला. तुम्ही काकूंच्या हातची भाकरी खाल्लेली पोरं, तुम्हाला आठवला नाही.

‘कचराच तर होता, सर.’ हं. हे जरा बरं बोललास, यावर उत्तर देण्यासारखं आहे.

कचरा होता हे खरं. पण कचऱ्याचीच पानं वाचून भोकरदन कळलं. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि गुप्ते यांचा १९७३ च्या उत्खननाचा अहवाल आहे, ग्रंथालयात जाऊन हात लावा कधी त्याला. फुटकी खापरं, बांगड्यांचे तुकडे, मणी, आणि त्यांत हस्तिदंताची एक मोडकी स्त्रीमूर्ती. इटलीत पाँपेईला १९३८ साली तशाच घडणीची मूर्ती मिळाली होती. ते शहर इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलं. तिकडच्या मूर्तीचं नातं आपल्या भोगवर्धनाशी, म्हणजे जुन्या भोकरदनशी, असावं, असं अभ्यासक म्हणू शकले ते भोकरदनचा तुकडा कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होता, ते लिहून ठेवलं होतं म्हणून. तुमच्यासारखं कुणी तो आधी उपसला असता, तर आज तो कुणाच्या तरी शोकेसमध्ये ‘प्राचीन बाहुली’ म्हणून पडलेला असता.

बाटलीचंही तसंच असतं. आपल्याकडे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, १९०३ साली ती फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. त्याच सुमारास मनमाडहून सिकंदराबादला जाणारी रेल्वे जालन्यावरून सुरू झाली. निजामाचा अंमल तर १९४८ पर्यंत होता. ही बाटली छावणीतल्या साहेबाने टाकलेली, स्टेशनवरच्या सोडावाल्याची, की पन्नास वर्षांपूर्वी बागेत पाणी धरणाऱ्या माणसाची? तिच्या शेजारी राख होती की चिनी मातीच्या बशीचा तुकडा? किती खोल होती? तुम्हाला माहीत नाही. आणि आता कुणालाच कधी माहीत होणार नाही. तुम्ही बाटली काढलीत आणि तिची हकीकत तिथेच चेचून टाकलीत.

बाकीच्या बाटल्यांचं काय केलंत? ज्यांच्यावर इंग्रजी अक्षरं नव्हती त्या फोडल्यात. विकल्या जाणार नाहीत म्हणून. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये निघाला, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. ओगलेवाडीचा १९१६ मध्ये. त्या तुकड्यांत तिथली एखादी बाटली नव्हती कशावरून? उचलून उन्हात धरली होती? साच्याचा सांधा ओठापर्यंत जातो की गळ्यापाशी थांबतो, हे पाहिलं होतं? त्यावरून यंत्राची की हाताने ओठ घडवलेली ते कळतं. छंद म्हणता ना याला? छंद असणारा माणूस आधी बघतो. तुम्ही आधी भाव पाहिलात.

जुन्या वस्तूंचा नाद वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांना तोच नाद होता. पावसाने उघडं पडलेलं, शेतात नांगराला लागलेलं त्यांनी जमवलं आणि गावातच राखलं. तो संग्रह पुढे सरकारकडे गेला, आज त्यांच्या नावाचं संग्रहालय तेरमध्ये उभं आहे. त्यांना शेतकरी आपणहून आणून देत. तुम्हाला बघून शेतकरी आता कुत्रं सोडतील. आणि तुमच्यानंतर जो खरा अभ्यासक, नम्रपणे विचारत येईल, त्याच्यावरही सोडतील. हे नुकसान कुठल्या खड्ड्यात मोजायचं?

जांब समर्थच्या मंदिरातून २०२२ च्या ऑगस्टात मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा तुम्ही निषेधाचे स्टेटस ठेवले होते. मी पाहिले होते. देवाच्या घरात शिरणारा चोर, आणि बाईच्या बागेत शिरणारा संग्राहक? मूर्तीची बरोबरी बाटलीशी करत नाहीये मी. पण दार कुणाचंही असो, त्यातून न विचारता आत जाणाऱ्या पायांत मला फरक दिसत नाही.

मान खाली घालून काही होत नाही. ऐका.

ती जाहिरात आत्ता, माझ्यासमोर काढायची. ज्याच्याकडून आगाऊ घेतलेत त्याचे पैसे आज परत. उद्या सकाळी उन्हं चढायच्या आत बागेत जायचं, फावडी घेऊन, घरून कुणाला न नेता. आधी काकूंपुढे उभं राहायचं. ‘चुकून झालं’ म्हणायचं नाही, चुकून कुणी पहार नेत नाही. त्या शिव्या देतील, मधे बोलायचं नाही. मग खड्डे उकरून मुरूम खाली, काळी वर, असे पुन्हा बुजवायचे. कापलेल्या नळ्यांचे जोड स्वतःच्या पैशाने आणायचे. सालदाराला काकूंसमोर सांगायचं की दोष त्याचा नव्हता. ते दोनशे त्याच्याकडून परत मागितलेत तर माझ्याकडे येऊ नका.

बाटली त्यांच्या हातात द्यायची. त्या म्हणाल्या ठेवून घ्या, तर ठेवा, आणि कुठे, किती खोल सापडली ते जितकं आठवतंय तितकं वहीत लिहून तिच्यासोबत ठेवा. नाही म्हणाल्या, तर गुपचूप तिथे ठेवून या.

आणि बागेतली एकूण एक काच वेचल्याशिवाय परत यायचं नाही. सोमवारपासून खुरपायला बाया येणार आहेत. त्यातल्या निम्म्या अनवाणी असतात.

जा आता.