तारामतीचें शिखर

गेल्या मार्गशीर्षांत पाचनईच्या वाटेनें हरिश्चंद्रगडावर जाण्याचा योग आला. अकोलें तालुक्यांतला हा गड आमच्या जिल्ह्याच्या अगदीं पश्चिम टोकास आहे. (जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, पण आमच्या पिढीच्या जिभेवर 'नगर' असें कांहीं बसलें आहे कीं तें उठतां उठत नाहीं.) हरिश्चंद्रेश्वराचें दर्शन घेऊन आम्ही उभयतां सावलींत बसलों असतां बरोबरच्या वाटाड्या मुलानें शिखरें दाखविलीं : हें रोहिदास, हें तारामती; तारामती सर्वांत उंच. तें ऐकून माझी पत्नी सहज म्हणाली, "अहो, उंच शिखर तारामतीचें, आणि गडाला नांव मात्र हरिश्चंद्राचें!" मुलगा हंसला, मीही हंसलों. पण गड उतरतांना तें वाक्य माझ्या मागोमाग येत राहिलें, आणि त्यानें मला हरिश्चंद्राच्याच दुसऱ्या एका संसारांत नेऊन सोडलें. तो संसार म्हणजे 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढणाऱ्या धुंडिराज गोविंद फाळक्यांचा.

फाळक्यांचें चरित्र मराठी वाचकास नवें नाहीं. १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्म. चित्रकला, छायालेखन, मुद्रण असे अनेक व्यवसाय करून झाले. चाळिशीच्या सुमारास मुंबईंत ख्रिस्तचरित्राचा एक चित्रपट पाहिला आणि कृष्णचरित्र असेंच पडद्यावर आणण्याचा ध्यास लागला. अतिश्रमानें कांहीं काळ दृष्टि गेली, ती सुदैवानें परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या आरंभीं ते विलायतेस गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. पुढें भांडवल संपलें तेव्हां पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने गहाण पडले. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांत कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीच्या भूमिकेस कोणी स्त्री मिळेना, म्हणून ती उपाहारगृहांत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनीं केली. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र.

येथें क्षणभर थांबावेंसें वाटतें. एका पुरुषाच्या सत्यवचनाचें मोल त्याच्या बायकोनें व मुलानें विकलें जाऊन भरावें, ही हरिश्चंद्राची कथा. ती पडद्यावर आणण्यासाठीं एका पुरुषानें बायकोचे दागिने गहाण टाकावे आणि मुलास रोहिदास म्हणून उभा करावा, हा योगायोग फाळक्यांना जाणवला असेल काय? आपण मात्र तो सोयीस्करपणें विसरतों आणि दागिन्यांची हकीकत 'केवढा हा त्याग!' म्हणून सांगतों. त्याग कोणाचा, हें विचारण्याची तसदी घेत नाहीं.

महाभारतांत हा प्रश्न द्रौपदीनें भरसभेंत विचारला होता. युधिष्ठिर आधीं स्वतःस हरला कीं मला? जो स्वतःस हरला, त्याला दुसऱ्यास पणास लावण्याचा अधिकार उरतो कोठें? भीष्मांसारख्या धर्मज्ञासही त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. फाळक्यांनीं पॉलिसी, प्रकृति, डोळे हें आपलें सर्व आधीं लावलें आणि मग पत्नीचें. त्यांचे स्तुतिपाठक हा क्रम भूषण म्हणून सांगतात. द्रौपदीच्या न्यायानें अडचण तेथेंच आहे. धर्मशास्त्र याहून व्यवहारी. दुष्काळ, धर्मकार्य, व्याधि किंवा अटक अशा प्रसंगीं पतीनें घेतलेलें स्त्रीधन परत करण्याचें बंधन त्याजवर नाहीं, असें याज्ञवल्क्य सांगतो. दुष्काळ म्हणजे काय, हें आम्हां नगरकरांस स्मृतिकारानें शिकवावयास नको. १९७२ सालीं येथल्या किती पाटल्या-बांगड्या सराफाकडे गेल्या, त्या या पिढीच्या आयांना विचारावें. पण चित्रपट हें धर्मकार्य काय? फाळक्यांना तें तसेंच वाटत होतें, यांत मला शंका नाहीं. तथापि ज्याला धन हवें आहे त्यानेंच आपलें कार्य धर्मकार्य ठरवावें, हा न्याय कांहीं मला पटत नाहीं.

यशानें हा हिशेब चुकता होतो, असें पुष्कळांस वाटतें. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञानें १९७६ सालीं एका निबंधांत गोगँ या चित्रकाराचें उदाहरण कल्पिलें : कुटुंब सोडून चित्रें काढावयास गेलेल्या माणसाचें समर्थन झालेंच तर तें चित्रांच्या यशानेंच होईल, आणि यश तर दैवाधीन! शिवाय तें समर्थन ज्यांना सोडलें त्यांनीं मान्य करावें असें बंधन नाहीं, हेंही त्यानें मान्य केलें. आमच्याच श्रीगोंदें तालुक्यांतील भाऊराव कऱ्हाडे यांनीं शेतजमीन विकून 'ख्वाडा' काढला. २०१५ सालीं त्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारांत गौरव झाला, तेव्हां आम्हां सर्वांस अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता. पण जमीन विकून काढलेले जे चित्रपट डब्यांतच राहिले, त्यांच्या कर्त्यांस आम्ही काय म्हणतों? जुगारी. उडी तीच, खालीं पाणी होतें कीं खडक, एवढाच काय तो भेद.

इथवर विचार आला आणि मला वाटूं लागलें कीं आपण प्रश्नच चुकीचा मांडला आहे. परदेशाहून येणाऱ्या कोऱ्या फिल्मच्या कडांस भोंकें पाडण्याचें काम अंधारांत करावें लागे. तें सरस्वतीबाई करीत. रसायनें कालवणें, फिल्म धुणें, चित्रणाच्या वेळीं उन्हांत पांढरी चादर धरून प्रकाश परतविणें, आणि यावर कंपनीच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक. तारामतीची भूमिका तुम्हीच करा, असें पतीनें सुचविलें तेव्हां मग हीं कामें कोण करील, असें त्यांनीं विचारल्याचें सांगतात. हें उत्तर पणास लावलेल्या द्रौपदीचें नव्हे. हें कारखान्याचा भार उचलणाऱ्या भागीदाराचें उत्तर आहे. जो द्रव्य घालतो आणि काम तडीस नेतो, त्यास निर्माता म्हणावयाचें असेल, तर त्या चित्रपटाचे निर्माते दोन होते. आपण त्यांतल्या एकास निर्माता म्हटलें, दुसरीस त्यागमूर्ति म्हणून हात जोडले, आणि हात जोडल्यावर तिचा हिस्सा मोजण्याचें कारणच उरलें नाहीं.

हॉलिवूडमध्यें मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीचा अर्व्हिंग थॉलबर्ग हा मोठा निर्माता होऊन गेला. हयात असेतों त्यानें आपलें नांव पडद्यावर येऊं दिलें नाहीं. १९३६ सालीं, वयाच्या सदतिसाव्या वर्षीं, तो वारला आणि मग 'द गुड अर्थ'च्या आरंभीं तें आलें. नांव नाकारणें हा थॉलबर्गचा अधिकार होता आणि त्यानें तो मोठ्या ऐटींत वापरला. सरस्वतीबाईंस नांव नाकारण्याचीही संधि मिळाली नाहीं. फाळके १९४४ सालीं नाशिकास वारले. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नांवें पुरस्कार देतें. त्या नांवाचा अर्धा भाग कोणाचा, हें पुरस्काराच्या वेळीं कोणी बोलल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

हें मीं कोणत्या तोंडानें लिहावें, हाही प्रश्नच आहे. वीस वर्षांपूर्वीं तासिका तत्त्वावर शिकवीत असतांना मीं एक ग्रंथ पदरमोड करून छापला. पदर अर्थातच माझा नव्हता. पत्नीच्या पाटल्या तारण ठेवल्या. त्या सुटावयास तीन वर्षें लागलीं. प्रस्तावनेंत मीं मुद्रकाचे आभार मानले, मुखपृष्ठकाराचे मानले, आणि शेवटीं 'गृहिणीच्या सहनशीलतेचा' उल्लेख केला. मुद्रितें तिनें दोनदां तपासलीं होतीं. परिशिष्टाची सूचीही तिचीच. दोनशेंच्या वर प्रती अजून माळ्यावर आहेत.

आणि रोहिदास? तारामतीची संमति, तिचें श्रम, तिची भागीदारी हीं कशीबशीं सिद्ध करतां येतात. मुलाला कोणीं विचारलें? तो निजला होता किंवा खेळत होता. गडावरून परतल्यावर पत्नीशीं हें सारें बोललों, तेव्हां तिनें शांतपणें सांगितलें कीं ज्या वर्षीं ग्रंथ छापला त्या वर्षीं आपल्या मुलाची शाळेची सहल चुकली होती. पैसे भरण्याच्या दिवशीं त्यानेंच घरीं येऊन सांगितलें होतें, कीं त्याला जावयाचें नाहीं.