न मागता दिलेले

श्रीक्षेत्र पंढरपुरी चंद्रभागेचे स्नान झाल्यावर भाविक प्रथम वाळवंटातील भक्त पुंडलिकाचे दर्शन घेतात व मग श्रीविठ्ठलाच्या मंदिराकडे वळतात. देवाच्याही आधी ज्याचे दर्शन, त्याची थोरवी आईवडिलांच्या सेवेत आहे. कथेप्रमाणे हाच पुंडलिक आरंभी त्यांना छळणारा होता, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

सेवेचा एक भाग द्रव्याचा असतो. मिळवती मुले वृद्ध आईवडिलांना पैसे का देतात? ‘त्यांचे ऋण फेडण्यासाठी’ असे उत्तर सहज दिले जाते. परंतु तैत्तिरीय संहितेत सांगितलेल्या तीन ऋणांपैकी पितृऋण संततीने फिटते, द्रव्याने नव्हे. शिवाय ऋण म्हटले की हिशेब आला. ज्या पित्याने मुलासाठी फारसे काही केले नाही, त्याला मग काहीच द्यावयाचे नाही काय? आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली झालेल्या केंद्रीय कायद्यात दत्तक व सावत्र आईवडीलही येतात. स्वतःच्या उत्पन्नातून वा मालमत्तेतून त्यांचा निर्वाह होतो की नाही, एवढे तेथे पाहिले जाते.

मुंबईच्या गिरणगावातून कोकणात व घाटावर मनिऑर्डरी जात. पोस्टमन उंबऱ्यावर नोटा मोजून देई. निरक्षर माता अंगठा उठवी आणि फॉर्मवरचा मजकूर त्याच्याकडूनच वाचून घेई. त्या रकमेत मीठमिरची व औषधपाणी भागे. पण तिचा खरा गुण हा, की ती मागावी लागत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, मनिऑर्डरी आटल्या, अनेक कामगार गावी परतले आणि त्याच घरांनी त्यांना थारा दिला. तेथे कोणी कोणाचे ऋण फेडले, हे कोणत्याही वहीत मांडता येणार नाही.

वृद्धांना अभावापेक्षा याचना अधिक बोचते. ज्या हाताने देवस्थानास मोठी देणगी दिली, त्याच हाताकडे घरी आईला चष्म्यासाठी दोनदा आठवण द्यावी लागत असेल, तर त्या पावतीचे पुण्य कोणत्या खाती धरावे, हे देवस्थानासही सांगणे कठीण आहे.

आईच्या नावे वेगळे खाते असले व त्यात ठरल्या तारखेस रक्कम जमा झाली, की ती नातवाला खाऊ आणते, दारी आलेल्या वासुदेवाच्या झोळीत चार पैसे घालते. वारीला निघताना ती कोणाकडे भाडे मागत नाही, आणि दर्शन झाल्यावर दानपेटीत आपल्या हाताने नाणे टाकते.