वाण आणि गुण

मित्राने मेणबत्ती पेटवून टेबलाच्या कडेला ठेवली, दिवे मंद केले आणि बाटली उचलली. गाळ तळाशी बसावा म्हणून ती दोन दिवस उभी ठेवलेली होती. बाटलीचा गळा ज्योतीवर धरून तो वाइन काचेच्या सुरईत ओतू लागला. धार बारीक, हात स्थिर. शेवटी गळ्यात धुरासारखी एक काळसर रेघ सरकताना दिसली आणि तिथेच त्याने हात आवरला. तळाशी दोन बोटे वाइन तशीच राहिली. आम्ही आठ जण होतो. ७५० मिलिलिटरचे आठ वाटे करायचे, त्यातून गाळ वजा. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ऐंशी-नव्वद मिलिलिटर आले.

लंडनमधल्या त्याच्या घरी हे साठीचे जेवण होते. बाटली फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या पॉइयाक गावच्या शातो मूताँ रॉथ्सचाइल्डची, १९८२ सालची. लेबलावर नाचरा मेंढा आहे, सिनेदिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी रंगवलेला. आम्ही दोघे दहावी झालो ते हेच साल. म्हणूनच त्याने ती फार वर्षांपूर्वी घेतली आणि जपली. "शंभरपैकी शंभर आहेत रे हिला," तो म्हणाला.

हे शंभर दिले ते रॉबर्ट पार्कर यांनी. अमेरिकेतल्या मेरीलँडचे हे वकील. १९७८ साली त्यांनी वाइनवरचे एक पत्रक काढले आणि त्यात शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे गुण द्यायला सुरुवात केली. प्रत्येक वाइनला मुळातच पन्नास. मग रंगाला पाच, गंधाला पंधरा, चव आणि मागे रेंगाळणाऱ्या स्वादाला वीस, एकंदर योग्यतेला आणि मुरण्याच्या ताकदीला दहा. १९८२ची बोर्दो अजून पिपांतच होती तेव्हा हे वर्ष थोर आहे असे त्यांनी ठामपणे लिहिले. इतर काही जाणकार साशंक होते. काळाने पार्करांच्या बाजूने कौल दिला आणि त्यानंतर जगभरचे भाव त्यांच्या आकड्यांवर हलू लागले.

आकड्यांच्या आधी दर्जाची उतरंड होती. १८५५ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी बागांचे पाच वर्ग लावले, तेही मुख्यतः बाजारभाव पाहून. मूताँ दुसऱ्या वर्गात बसली आणि १९७३ साली वर चढवली जाईपर्यंत ११८ वर्षे तिथेच राहिली. त्या निर्णयाच्या आदल्या रात्री बागेतली माती जी होती तीच दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

मला या सगळ्यात आपला मराठी शब्द फार मोलाचा वाटतो. परीक्षेत मिळतात ते गुण, वस्तूच्या अंगी असतो तो गुण, आणि औषध लागू पडले की येतो तोही गुणच. तिन्हींना एकच शब्द असल्यामुळे आपण पहिल्यावरून दुसरा ओळखायला जातो आणि तिसऱ्याची वाट पाहायचे विसरतो. त्या रात्री ग्लास हातात घेताना माझेही तेच झाले. शंभर हा आकडा नाकाच्या आधी पोहोचला होता. आवडली नाही तर दोष माझाच, हे चाखण्याआधीच ठरून गेले होते.

ढवळ्याशेजारी पवळा बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, ही म्हण बैलांची आहे. पण वाइनची सारी विद्या तिच्यात बसते. मूताँमधला मुख्य वाण काबर्ने सोव्हिन्यॉ. काबर्ने फ्राँ या काळ्या आणि सोव्हिन्यॉ ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाचे ते अपत्य, हे १९९७ साली डीएनए तपासून सिद्ध झाले. हाच वाण आज अर्ध्या जगात लावतात. पॉइयाकला त्याच्या शेजारी गोट्यांची जमीन आहे. पाणी झरझर निचरते, दिवसाचे ऊन दगडांत साठते आणि मुळांना खोल जावे लागते. पुढे ओकच्या पिपात महिनोन्‌महिने मुक्काम पडतो. त्या लाकडातून व्हॅनिला येतो, लवंगेचा वास येतो. वाण द्राक्षाचा, गुण शेजाऱ्यांचे.

त्याच जेवणात आणखी एक बाटली उघडली होती, ९८ गुणांची. तिचे नाव इथे घेत नाही, कारण दोष तिचा नव्हता. ग्लास नाकाशी नेला आणि पावसाळ्यानंतर उघडलेल्या पुस्तकांच्या ट्रंकेचा वास आला. ओल, पुठ्ठा, बुरशी. बुचात ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचे द्रव्य तयार झाले की असे होते. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढेच ते पुरते. मित्राने एक शब्दही न बोलता ती बाजूला सारली. गुण वाइनला दिलेले असतात. आपल्यापुढे येते ती एक बाटली, तिने काढलेली वर्षे, तिचे बूच.

मूताँ मात्र अभंग होती. रंग कडेला विटकरी झालेला. वास आला तो शाळेच्या कंपासपेटीचा, नुकत्याच टोक केलेल्या पेन्सिलीचा. जाणकार याला सीडार या लाकडाचा गंध म्हणतात, आणि पेन्सिलीही तशाच सुगंधी लाकडाच्या करत. मागून तंबाखूची सुकी पाने, मग जांभूळ. घोट घेतला तर तुरटपणा होता, पण जिभेला न धरणारा. तुरट हा शब्द आपल्या लहानपणापासून ओळखीचा, हिरड्याने आणि कच्च्या केळ्याने शिकवलेला. सालीतली टॅनिन्स लाळेतल्या प्रथिनांना पकडतात, म्हणून तोंड कोरडे पडते. चार दशकांत तीच टॅनिन्स एकमेकांत गुंफून जड होतात आणि तळाशी बसतात. मेणबत्तीपुढे दिसलेली काळी रेघ म्हणजे या वाइनचा तरुणपणीचा करकरीतपणा. वीस मिनिटांनी गंध पुन्हा बदलला, ओल्या मातीकडे गेला. टेबलावर कोणी बोलत नव्हते.

नाट्यशास्त्रात रस समजावताना भरतमुनी जेवणाचाच दाखला देतात: नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न जेवताना प्रसन्न मनाचा माणूस रस चाखतो, तसे नाटक पाहणाराही. त्यात चाखणाऱ्याची प्रसन्नता ही अटच आहे. शंभराच्या आकड्यात ती मोजली जात नाही. पार्करांच्या जिभेबद्दल मला आदर आहे. पण कंपासपेटी त्यांची नव्हती, माझी होती.

आपल्याकडे नाशिकलाही काबर्ने सोव्हिन्यॉचा वाण लावलेला आहे. वेलीला तिथे हिवाळ्याची झोप मिळत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि बोर्दोत वेल उघडे-निष्पर्ण असतात त्या दिवसांत इथे तोडणी. शेजार वेगळा, म्हणून गुणही वेगळेच लागणार. तरी आपल्या वाइनचे वर्णन आपण ब्लॅककरंट आणि सीडार या परक्या फळा-लाकडांनी करतो. ब्लॅककरंट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलेही नसते. नाशिकच्या वाइनकरांना माझी एकच विनंती आहे. मागच्या लेबलावर चार ओळी मराठीत छापा, आणि त्यांत जांभूळ, करवंद, कोकम, हिरडा यांपैकी जे खरोखर लागते तेच लिहा.