सोडून द्यायचा मासा

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यापासून सुटून वाळूची एक अरुंद, लांबलचक पट्टी अटलांटिकमध्ये शिरली आहे. तिला आउटर बँक्स म्हणतात. ही पट्टी जिथे कोपरासारखी वाकते ते केप हॅटरास. उत्तरेचे थंड पाणी आणि गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह इथे एकमेकांच्या जवळ येतात. एप्रिलमध्ये नैऋत्येचा वारा दोन-तीन दिवस टिकला की किनाऱ्यालगतचे पाणी कोमट होते आणि केप पॉइंट नावाच्या टोकाशी रेड ड्रम येऊ लागतो. तांबूस अंगाचा, शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका असलेला हा मासा आपल्या घोळीच्या आणि ढोम्याच्याच कुळातला. १९८४च्या नोव्हेंबरात याच पट्टीवरच्या एव्हन गावी ९४ पौंड २ औंसांचा रेड ड्रम गरीला लागला. तो जागतिक विक्रम आजही उभा आहे.

या माशासाठी वसंतात सहल काढणाऱ्यांची तयारी हिवाळ्यातच सुरू होते. चाकांवरचे घर, म्हणजे आरव्ही, भाड्याने घ्यायची किंवा स्वतःची बाहेर काढायची. केप हॅटरास हा देशातला पहिला राष्ट्रीय सागरकिनारा. अमेरिकी काँग्रेसने त्याला १९३७ साली मंजुरी दिली. त्याच्या हद्दीत ओरेगॉन इनलेट, केप पॉइंट, फ्रिस्को आणि ओक्राकोक अशी चार सरकारी कॅम्पग्राउंड आहेत आणि त्यांतली जागा काही महिने आधी धरावी लागते. वीज-पाण्याची जोडणी सगळीकडे नसते, म्हणून टाकीत किती पाणी घ्यायचे आणि सांडपाणी कुठे रिकामे करायचे हे आधीच ठरवायचे. उंच आरव्हीला पुलावरचा आडवा वारा सोसत नाही, तेव्हा २०१९ साली खुला झालेला बॅसनाइट पूल ओलांडण्याआधी हवामान पाहायचे. आरव्ही कॅम्पग्राउंडवर ठेवून पुळणीवर जायचे ते फोर-व्हील गाडीने. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. गाडीत फावडे, जॅक, जॅकखाली ठेवायची फळी आणि हवा मोजायचे यंत्र असावेच लागते, आणि वाळूत रुतू नये म्हणून चाकांतली हवा कमी करावी लागते. समुद्रात गरी टाकण्याचा परवाना आणखी निराळा. रॅली आणि कॅरी परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा किनारा चार-पाच तासांच्या अंतरावर आहे.

या सगळ्या यादीत एक प्रश्न सहसा नसतो. मासा लागल्यावर त्याचे काय करायचे?

कायद्याने याचे अर्धे उत्तर देऊन ठेवले आहे. उत्तर कॅरोलायनात १८ ते २७ इंच लांबीचा, माणशी दिवसाला एकच रेड ड्रम ठेवता येतो. २७ इंचांपेक्षा मोठा मासा सोडावाच लागतो. कारण स्पष्ट आहे. हा मासा साठ वर्षांपर्यंत जगू शकतो आणि मोठ्या माद्यांवरच पुढची पिढी अवलंबून असते. पण केप पॉइंटला एप्रिलमध्ये ज्याच्यासाठी गर्दी लोटते तो नेमका हा मोठा मासा. म्हणजे सहलीचा मुख्य हेतूच असा मासा धरणे आहे की जो घरी नेता येणार नाही, खाता येणार नाही, कोणाला देताही येणार नाही. तो ओढून किनाऱ्यावर आणायचा, मोजायचा, त्याच्यासोबत छायाचित्र काढायचे आणि परत पाण्यात सोडायचा.

यात सुटका दिसते, म्हणून ते दयेचे वाटते. खरा नैतिक पेच इथेच आहे.

माशाला वेदना होते का, हा त्यातला पहिला प्रश्न. २००३ साली एडिनबराजवळच्या रोझलिन संस्थेत लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि मायकेल जेंटल यांनी रेनबो ट्राउटच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती वेदनेचे संकेत टिपणाऱ्या मज्जातंतूंची टोके शोधून काढली. काही माशांच्या ओठांत त्यांनी मधमाशीचे विष किंवा ॲसेटिक आम्ल टोचले. ते मासे तळाशी बसून डुलत राहिले, आम्ल टोचलेल्यांनी ओठ खड्यांवर घासले आणि सुमारे तीन तास अन्नाला तोंड लावले नाही. याच्या उलट मांडणारेही आहेत. जेम्स रोझ यांनी २००२ साली आणि ब्रायन की यांनी २०१६ साली असे मांडले की माशाच्या मेंदूत निओकॉर्टेक्स हा थरच नाही. त्यामुळे तो इजेला प्रतिसाद देतो, पण दुःख भोगत नाही. वाद मिटलेला नाही. मात्र ज्याला तो मिटेपर्यंत गरी टाकत राहायची आहे, त्याने एवढे तरी मान्य करावे की या अनिश्चिततेची किंमत तो स्वतः भरत नाही, मासा भरतो.

युरोपातल्या दोन देशांनी ही किंमत माशाच्या बाजूने मोजली. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्याच्या पहिल्याच कलमानुसार सयुक्तिक कारणावाचून प्राण्याला वेदना, क्लेश किंवा इजा करता येत नाही. खाण्यासाठी मासा धरणे हे तिथे कारण ठरते, पण फक्त सोडून देण्यासाठी धरणे ठरत नाही. स्वित्झर्लंडने २००८च्या नियमांत याहून स्पष्ट सांगितले: परत सोडण्याच्या हेतूने मासा धरायचाच नाही. शिवाय छंद म्हणून गरवणाऱ्यानेही मासा कसा हाताळायचा आणि कसा मारायचा याचे शिक्षण घेतल्याचा दाखला मिळवावा, अशी अट घातली. केप पॉइंटवर कायदा सोडायला लावतो, स्वित्झर्लंडमध्ये कायदा सोडण्यासाठी धरू देत नाही. दोन्हीकडे रक्षण माशाचेच आहे. एकीकडे माशांच्या साठ्याचे, दुसरीकडे हातातल्या एका माशाचे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाची फोड फार पूर्वी झालेली आहे आणि तिथे चक्क कोळीच उभा आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत अहिंसा हा पहिला यम. जात, देश, काळ आणि प्रसंग यांच्या मर्यादा ज्याला नाहीत ते महाव्रत, असे दुसऱ्या पादात सांगितले आहे. या मर्यादा म्हणजे काय हे समजावताना व्यासभाष्य पहिले उदाहरण मासे धरणाऱ्याचे देते. तो हिंसा करतो ती माशांपुरतीच, इतर कोणाची नाही. मग येतो तीर्थक्षेत्री हिंसा न करणारा, मग चतुर्दशीला आणि पुण्यदिवशी न करणारा, आणि शेवटी देवाब्राह्मणांच्या कारणापुरतीच करणारा. यांतल्या कोणालाही भाष्यकार व्रताबाहेर हाकलत नाही. त्यांचे व्रत अपुरे आहे, पण व्रत आहे. गुरुवारी आणि संकष्टीला मासळी न शिजवणारी, श्रावणात सुरी बाजूला ठेवणारी मराठी घरे याच हिशेबाने चालतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात, तीही काळाचीच मर्यादा. तिचे कारण प्रजनन आणि पावसाळी समुद्र असले तरी.

केप हॅटरासची नियमावली भाष्यातल्या या चार मर्यादांशेजारी ठेवून पाहावी. माशाची जात आणि लांबी ठरलेली, किनाऱ्याचा बंद ठेवलेला भाग ठरलेला, तो बंद ठेवण्याचा काळ ठरलेला. प्रसंग, म्हणजे कशासाठी, ही चौथी मर्यादा मात्र नियमावलीत नाही. ती सरकार घालू शकत नाही. ती घालायची असते सहल आखणाऱ्याने.

जैन आचारशास्त्र इथे अधिक कडक आणि अधिक नेमके आहे. घर चालवताना होणारी हिंसा, उद्योगात होणारी हिंसा, बचावासाठी करावी लागणारी हिंसा आणि ठरवून केलेली, संकल्पी हिंसा असे चार प्रकार ते मानते; त्यांतली संकल्पी हिंसा गृहस्थाने पूर्ण टाकायची असते. मासेमारीचा धंदाही ते मान्य करत नाही, त्यामुळे वर्सोव्याच्या कोळ्याला तिथे सूट मिळणार नाही. तरीही या वर्गवारीतून एक गोष्ट लख्ख दिसते. सहा महिने आधी जागा धरून, नकाशे पाहून, भरती-ओहोटीचे तक्ते काढून जी गोष्ट केली जाते ती सहज घडलेली नसते. निरर्थक हिंसेपासून दूर राहण्याचे वेगळे व्रतही जैन गृहस्थाला सांगितलेले आहे. खाण्यासाठी धरलेल्या माशाबद्दल त्याच्याशी निदान वाद घालता येतो. खेळण्यासाठी धरलेल्या माशाबद्दल वाद घालायलाही काही उरत नाही.

सोडलेला मासा जगतोच असेही नाही. अटलांटिक किनाऱ्यावरच्या साठ्याचा हिशेब मांडताना सोडलेल्या रेड ड्रमपैकी सुमारे ८ टक्के मरतात असे धरले जाते. म्हणजे बारा-तेरा मासे सोडले की एक मेला. गरी कशी आहे यावर बरेच अवलंबून असते. साध्या गरीचे टोक सरळ वर बघते. आमिष गिळले गेले तर ते घशात किंवा पोटात रुतते. सर्कल हुकचे टोक आत, दांड्याकडे वळलेले असते. मासा आमिष घेऊन वळला की ही गरी घशातून घसरत येते आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकते. तिथून ती चिमट्याने काढता येते. उलटा काटा दाबून सपाट केला तर आणखी लवकर निघते. कोरड्या हाताने धरले तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जंतूंना वाट मिळते, म्हणून हात ओले करावे लागतात. जबड्याला धरून उभा टांगलेला चाळीस इंची मासा छायाचित्रात रुबाबदार दिसतो खरा, पण ज्या शरीराला पाणी तोलून धरत असते त्याचा सगळा भार त्या क्षणी जबड्यावर आणि कण्यावर आलेला असतो.

गरवणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. अमेरिकेत मासेमारीच्या साहित्यावर केंद्रीय कर आहे आणि १९५०च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यापासून त्याचा पैसा राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी मिळतो. ज्यांना समुद्र ओळखीचा आहे तेच त्यासाठी भांडतात हेही खरे. आयझॅक वॉल्टनने १६५३ साली ‘द कम्प्लीट अँगलर’ लिहिले तेव्हा उपशीर्षकातच या छंदाला चिंतनशील माणसाची करमणूक म्हटले. पहाटे लाटांसमोर काठी रोवून उभे राहण्यात मन शांत होते, यात शंका नाही. पण ती शांतता गरीतून येत नाही. ती वाऱ्यातून, वाट पाहण्यातून आणि दुसरे काही काम नसण्यातून येते. आमिष न लावताही ती मिळते.

केप पॉइंटच्या त्याच टोकावर, ड्रमच्या त्याच दिवसांत पायपिंग प्लोव्हर नावाचा वाळूच्या रंगाचा लहान पक्षी घरटे करतो. त्याचे घरटे म्हणजे वाळूतला खळगा. पिले अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच चालू लागतात, पाण्याच्या रेषेशी चरतात आणि चाकोऱ्यांत अडकतात. अटलांटिक किनाऱ्यावरचा हा पक्षी १९८६पासून धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. २००७ साली पक्षिप्रेमी संस्था न्यायालयात गेल्या, २००८ साली तडजोडीचा आदेश निघाला आणि २०१२पासून पुळणीवरच्या गाड्यांसाठी कायमचे नियम आले. अनेकदा ड्रमच्या ऐन हंगामात किनाऱ्याचे भाग गाड्यांना बंद होतात. महिनोन्महिने आखलेली सहल एका घरट्यापायी फसली की संताप होतो. बक्सटन-हॅटरास परिसरातल्या दुकानदारांचे नुकसानही खरेखुरे असते. तरीही किनारा बंद करणारा तो दोर योग्य जागी बांधलेला आहे. माणसाला त्या किनाऱ्यावर पुन्हा कधीही येता येते. त्या पिलाला दुसरा किनारा नाही.

तेव्हा निवाडा असा. फक्त मोठ्या ड्रमसाठी केप पॉइंटला जाऊ नये. जायचेच तर सहल खाण्याच्या माशाभोवती आखावी: तिथे ज्याला सी मुलेट म्हणतात तो ढोम्याच्या कुळातला मासा, ब्लूफिश, किंवा नियमात बसणारा एक ड्रम. धरलेला मासा डब्यात तडफडत ठेवू नये. डोक्यावर एक जोरकस घाव घालून लगेच मारावा, रक्त काढावे आणि बर्फ-पाण्यात ठेवावा. नको असलेला मोठा मासा चुकून लागलाच, तर त्याला पाण्याबाहेर न काढता गरी काढावी आणि छायाचित्राशिवाय जाऊ द्यावे. संध्याकाळच्या जेवणापुरते झाले की काठी आरव्हीत ठेवून द्यावी, पाणी कितीही चांगले असले तरी.

कॅम्पग्राउंडची जागा धरण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून एकच आकडा ठरवावा: किती मासे झाले की थांबायचे. तो कागदावर लिहून परवान्यासोबत ठेवावा. पुळणीवर पोचल्यावर तो वाढवू नये.