यादीतलं पंधरावं नाव

उत्तर नागपुरात एक क्रिकेट क्लब होता. पोरं वस्तीतलीच. कोणी पॉलिटेक्निकला, कोणी बापाच्या दुकानात, एक जण लॉ कॉलेजला. टेनिस बॉल सोडून ती लेदर बॉलवर आली होती. लेदर बॉल म्हणजे पीच हवं, नेट हवं, आणि ते सांभाळणारा माणूस हवा. तो माणूस म्हणजे काका. छत्तीसगडहून पोटासाठी आलेले, मैदानाच्या कोपऱ्यातल्या टिनाच्या खोलीत राहणारे. पहाटे पीचला पाणी मारायचं, मग रोलर फिरवायचा, लाकडी पट्टी धरून चुन्यानं क्रीज आखायची. रोलरच्या लोखंडी दांड्याला त्यांनी पोत्याचं कापड घट्ट गुंडाळून ठेवलं होतं, कारण नागपूरच्या मे महिन्यात तो दांडा उघड्या हातानं धरवत नाही.

काकांचा पोरगा सतरा वर्षांचा, डावखुरा फिरकी गोलंदाज. पोरांना बॅटिंगचा सराव हवा असला की याला हाक जायची आणि हा तास तास बॉल टाकायचा. बॅटिंगची त्याची पाळी कधी आली नाही. कोणी मुद्दाम नाकारली असंही नाही, ती द्यावी हे कोणाला सुचलंच नाही. त्याची जातही कोणी विचारली नव्हती. विचारायची वेळच आली नाही, कारण तो गणतीतच नव्हता.

डिसेंबर उजाडला. टूर्नामेंट आठ दिवसांवर आली. शनिवारपर्यंत पंधरा नावांची यादी द्यायची होती. त्याच आठवड्यात बातमी आली की एका गावात लग्नाच्या वरातीत नवरदेवाला घोड्यावरून खाली ओढलं, खालच्या जातीचा म्हणून. लॉ कॉलेजवाल्या पोराची आत्या त्याच गावात राहायची. रविवारी प्रॅक्टिस झाली, ठेल्यावरून तर्री-पोहे आले, पण त्याच्या घशाखाली घास उतरेना.

"पहिल्या मॅचले आपण काळी फीत बांधून उतरू," तो म्हणाला. "अन् टॉसच्या वेळी कॅप्टननं माइकवर सांगायचं, काहून बांधली ते."

ओपनिंगवाला म्हणाला, "खेळात हे कायले आणून राहिला बे? पब्लिक मॅच पाहाले येते."

सेक्रेटरीला वेगळी चिंता होती. जर्सीचे पैसे एक हार्डवेअरवाले शेठ देणार होते. असल्या भानगडीत नाव आलेलं त्यांना चालणार नव्हतं.

मग कॅप्टन बोलला. "२०१९ साली जामठ्याले विदर्भानं इराणी कप जिंकला. पुलवामाचा हल्ला नुकताच झाला होता. कॅप्टन फैझ फझलनं बक्षिसाचे १० लाख शहिदांच्या घरच्यांले देतो म्हणून जाहीर केलं. तेव्हा कोणी म्हटलं का, खेळात कायले आणता म्हणून?"

"तेव्हा साऱ्या देशाचं एकच मत होतं," ओपनिंगवाला म्हणाला. "या गोष्टीवर आपल्याच वस्तीत दोन पार्ट्या पडतील."

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. सगळ्यांचं एकमत असतं तिथे भूमिका घ्यायला कोणी अडवत नाही. अडवतात ते मतं फाटतात तिथे. पण जामठ्याची दुसरी बाजू दोघांच्याही बोलण्यात आली नाही. त्या टीमनं नुसता शोक जाहीर केला नव्हता, हातात आलेलं बक्षीस सोडलं होतं.

वाद मिटेना, तेव्हा सगळे सरांकडे वळले. सर रेल्वेतून रिटायर झालेले, रेल्वेकडून खेळलेले. त्यांनी प्लेट खाली ठेवली.

"वर्धा इथून किती लांब? मोटरसायकलनं दीड तास. १९४० च्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदू जिमखान्याची माणसं तिथे आली होती, गांधीजींना भेटायला. मुंबईत तेव्हा पंचरंगी सामने चालायचे. हिंदूंची टीम वेगळी, मुसलमानांची वेगळी, पारशांची, युरोपियनांची, अन् उरलेल्यांची पाचवी. तिकडे वैयक्तिक सत्याग्रह सुरू, माणसं जेलात जाऊन राहिली. अशात खेळायचं का, हे विचारायला ते आले. गांधीजींनी सांगितलं की या दिवसांत हा जल्लोष नको, अन् धर्मावर टीम पाडणं तर मुळातच पटत नाही. जिमखान्यात मतं पडली. त्या वर्षी हिंदूंची टीम उतरली नाही."

"मग?" लॉ कॉलेजवाल्याचे डोळे चमकले.

"मग पुढच्या वर्षी परत उतरली. ते सामने कायमचे बंद झाले ते १९४६ लाच. मला वाटते, ठराव सभेत पास झाला, ड्रेसिंग रूममध्ये झाला नाही." सर थोडं थांबले. "आता दुसरी गोष्ट ऐका. त्याच्या वीस वर्षं आधीची. बाळू पालवणकर नाव ऐकलं?"

दोघातिघांनी ऐकलं होतं.

"चांभार जातीचा पोरगा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात कामाला. महिना ४ रुपये. काम काय? पीचवर रोलर फिरवायचा, नेट बांधायचं, अन् साहेब लोकांना बॉल टाकायचे. डावखुरा, फिरकी. तास तास टाकायचा. त्याला बॅट कोणी दिली नाही. पुढे हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून त्याला खेळायला घेतलं. मैदानात तो टाकेल तो बॉल सगळे हातात घेत होते. पण चहाच्या वेळी याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात."

काकांचा पोरगा रिकाम्या प्लेटा गोळा करत होता. तो सरांच्या मागे थांबला.

"१९११ ला इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर विकेटा काढल्या त्यानं. भाऊही खेळायचे. शिवराम, गणपत, विठ्ठल. पण कप्तानी? एवढा मोठा बॉलर, त्याला कधी मिळाली नाही. १९२० साली मुंबईच्या चौरंगी सामन्याला बाळूला टीमबाहेर ठेवलं, अन् कप्तानी विठ्ठलला डावलून दुसऱ्याला दिली. तेव्हा विठ्ठल अन् शिवराम दोघं टीममधून बाहेर पडले. का पडलो, ते उघड छापून सांगितलं. लोकांत गोंधळ उडाला. फायनलला दोघांना परत बोलवावं लागलं, अन् बाळूला उपकप्तान करावं लागलं. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाला अन् हिंदूंनी ती स्पर्धा जिंकली. या दोघा भावांजवळ ना जिमखाना होता, ना ठराव. टीममधली आपली जागा तेवढी होती. तीच त्यांनी पणाला लावली."

कोणी काही बोललं नाही. मग कॅप्टननं हात वर केला, बघता बघता सगळ्यांचे झाले, ओपनिंगवाल्याचाही. सेक्रेटरीनं हिशेब मांडला, चौदा नावं म्हणजे चौदा फिती. टीमचा एक फोटोही काढायचा ठरलं.

तेव्हा काकांच्या पोरानं विचारलं, "मीबी बांधू का?"

लॉ कॉलेजवाला वळून म्हणाला, "तुले नाही लागत रे. टीमले पाहिजे."

तो मनानं वाईट नव्हता. त्या मैदानावर अन्यायाची सगळ्यात जास्त चीड त्यालाच होती, आणि ती अस्सल होती. म्हणून तर ते वाक्य इतक्या सहज निघालं. ज्याची चीड खरी असते त्याला वाटतं, आपल्या हातून कोणावर अन्याय होणं शक्यच नाही.

पोरगा प्लेटा घेऊन नळाकडे गेला. सरांनी खिशातून यादीचा कागद काढून मधोमध ठेवला. चौदा नावं. पंधराव्या आकड्यापुढे नुसती रेघ. वर्षानुवर्षं ती जागा अशीच जायची, कारण पंधरावा माणूस कोणाला आठवायचा नाही.

पहिल्यांदा बोलला तो विकेटकीपर. "मी चार वर्षांपासून याचे बॉल खेळून राहिलो," तो म्हणाला. "आपल्या लेफ्टीपेक्षा याचा बॉल जास्त वळते."

टीमचा लेफ्टी म्हणजे लॉ कॉलेजवालाच.

आणि एक गोष्ट निघाली. सेक्रेटरीनं वही काढली तर काकांचा दोन महिन्यांचा पगार थकलेला. क्लबची वर्गणी जमली नव्हती. फिती, बॅनर आणि फोटोवाला यांचा खर्च मात्र जमणार होता. त्यानं तो आकडा हळू आवाजात वाचला. कॅप्टननं त्याला परत, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचायला लावला.

लॉ कॉलेजवाला त्या दिवशी कोणाशी न बोलता घरी गेला. तीन दिवस प्रॅक्टिसला आला नाही. यादीत पंधरावं नाव चढवणं सोपं होतं, रेघ रिकामीच होती. पण मैदानात अकराच जण उतरतात. दोन डावखुरे फिरकीवाले कोणती टीम खेळवते? त्याला ते कळत होतं. सरांनी त्याला निरोप धाडला नाही, कॅप्टननं समजावलं नाही. माझ्या मते बरोबर केलं. अशी जागा दुसऱ्यानं सोडायला लावली तर तिला किंमत उरत नाही.

चौथ्या दिवशी पहाटे तो मैदानावर आला. काका पाणी मारत होते. त्यानं पोराला खोलीतून हाक मारली, स्वतः पॅड बांधायचं सोडून ते त्याच्या पायाला बांधले, बॅट हातात दिली आणि बॉल घेऊन रनअपला गेला. पोराला ग्लव्हज धड घालता येईनात. पहिले तीन बॉल त्याच्या बॅटला लागलेच नाहीत. चौथा लागला, कडेला. लॉ कॉलेजवाला तासभर टाकत राहिला. शनिवारी त्यानं स्वतः कॅप्टनला सांगितलं, "पहिल्या मॅचले याले खेळव. मी बाहेर बसतो."

वर्गणी चार दिवसांत जमली. एरवी महिना महिना जमत नाही. काकांचे दोन्ही महिन्यांचे पैसे दिल्यावर फोटोवाल्यापुरते उरले नाहीत, म्हणून फोटो निघाला नाही. शेठला सेक्रेटरीनं फितीचं आधीच सांगून टाकलं. शेठनी हात आखडता घेतला. टीम मागच्या वर्षीच्या जर्सीत उतरली, दोघांच्या पाठीवरचे आकडे पार उडालेले.

टॉसच्या वेळी कॅप्टननं माइक मागितला. त्या गावाचं नाव घेतलं, काय झालं ते सांगितलं, आणि म्हणाला की ज्यांना असं खाली ओढलं जातं ती माणसं आमच्या मैदानावर आली तर आमच्या टीममध्ये खेळतील, आमच्या ताटात जेवतील. समोरच्या टीमकडून कोणी ओरडलं, "खेळा ना गुपचूप!" कॅप्टन म्हणाला, "खेळूनच राहिलो, भाऊ."

मागे पंधरा पोरं उभी होती आणि पंधराही दंडांवर फिती होत्या. आठवडाभर आधी तो हेच बोलला असता तर कदाचित टाळ्या जास्त पडल्या असत्या. पण तेव्हा ते बोलणं प्लेटा उचलणाऱ्या पोराच्या कानावर पडलं असतं, आणि ते खोटं आहे हे त्या अख्ख्या मैदानात त्या एकट्याला ठाऊक असतं.

काकांच्या पोरानं दोन विकेटा काढल्या आणि एक सोपा कॅच सोडला. टीम ती मॅच जिंकली, पुढची हरली आणि स्पर्धेबाहेर गेली. फितीमुळे वस्तीत दोन पार्ट्या पडल्या का? पडल्या. ओपनिंगवाल्याच्या घरी दोन दिवस बोलाचाली झाली. क्लबच्या एका जुन्या सभासदानं वर्गणी बंद केली. गावातल्या नवरदेवाचं भलं एका फितीनं झालं असं कोणी म्हणणार नाही. पण लॉ कॉलेजवाल्याच्या आत्याचा फोन आला. कोणीतरी मोबाइलवर काढलेला टॉसचा व्हिडिओ गावात पोचला होता, आणि तिला एवढंच विचारायचं होतं की ती सगळी पोरं खरंच एका ताटात जेवतात का. त्याला खोटं बोलावं लागलं नाही.

याच शहरात २००१ साली विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला. त्यातून उभ्या राहिलेल्या स्लम सॉकरला २०१६ साली फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला. गरिबीवर पत्रक काढून सुरुवात झाली असती तर तिथवर मजल गेली नसती. आधी चेंडू दिला गेला आणि पोरं खेळायला लागली, म्हणून त्यांचं म्हणणं जगानं ऐकलं. खेळाडूंनी समाजाच्या प्रश्नांवर बोलू नये, असं म्हणणारे हा क्रम विसरतात. आणि रोज उठून बोलावंच, असं म्हणणारेही विसरतात.

फेब्रुवारीत क्लबची मीटिंग झाली. पिवळी नदीच्या घाणीवर आपण काहीतरी बोललं पाहिजे, असं पॉलिटेक्निकवाल्या पोराच्या मनात होतं. पुढच्या टूर्नामेंटला बॅनर धरून मैदानाला एक चक्कर मारायची. सगळ्यांना कल्पना आवडली. लॉ कॉलेजवाल्यानं लगेच मजकूर लिहायला घेतला.

काकांचा पोरगा मागच्या ओळीतून म्हणाला, "आपल्या मैदानाचा कचरा कुठी जाते?"

मैदानाचा कचरा मागच्या नालीत जायचा. डिस्पोजेबल ग्लास, पोह्याच्या प्लेटा, फाटलेलं नेट, सगळं. ती नाली पुढे पिवळी नदीलाच मिळत होती. सगळ्यांना माहीत होतं.

पुढचे तीन रविवार प्रॅक्टिस झाल्यावर पोरं नालीत उतरली. ठेलेवाल्याला स्टीलच्या प्लेटा आणायला सांगितलं, त्यासाठी प्लेटमागे दोन रुपये जास्त द्यायचं कबूल केलं. चौथ्या रविवारी पत्र लिहून झालं. ते स्पष्ट होतं, महानगरपालिकेनं काय करायला हवं ते मुद्द्यानिशी मांडलेलं, खाली पंधरा खेळाडूंच्या आणि काकांच्या सह्या. सोमवारी कॅप्टन आणि लॉ कॉलेजवाला झोन कार्यालयात गेले. खिडकीवरच्या बाबूनं पत्र ठेवून जा म्हटलं. दोघं म्हणाले, "आवक नंबर द्या जी, मग जातो," आणि तिथेच उभे राहिले.