ताटाची डावी बाजू

मुंबईतल्या कुठल्याही मध्यम हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' मागवा. मेनूकार्डावर त्या नावापुढे तीन लाल मिरच्या छापलेल्या असतात. 'व्हेज हंडी'पुढे एक, 'मखनवाला'पुढे एकही नाही. कोल्हापूरचा माणूस हे बघून हसतो. त्याच्या घरी तांबड्या रश्शाशेजारी पांढरा रस्साही असतो, आणि तांबड्यातही कांदा, लसूण, तीळ, खोबरं यांना मिरचीइतकाच मान असतो. मेनूकार्डाला त्याचं काय! तिथे एका अख्ख्या गावाची चव तीनपैकी तीन या आकड्यात बसवलेली असते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे ही सवय मला ओळखीची आहे. जे मोजता येतं ते वाढवलं जातं, जे मोजता येत नाही ते मीटिंगच्या शेवटी 'बघू नंतर' म्हणून राहून जातं. तिखट मोजता येतं, चव येत नाही. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधनिर्मात्याने १९१२ साली मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत नेला. पाच जणांनी चाखायचं, आणि त्यातल्या बहुतेकांना तिखट लागेनासं होईपर्यंत तो किती पट पातळ करावा लागला, तो त्या मिरचीचा आकडा. आता हे काम यंत्रं करतात, पण एकक अजून त्याच्याच नावाने चालतं. ईशान्य भारतातली भूत जोलोकिया दहा लाखांच्या वर गेली तेव्हा, २००७ साली, गिनीजने तिला जगातली सर्वात तिखट मिरची ठरवलं. पुढे आपल्या डीआरडीओने तिच्यापासून जमाव पांगवायचे ग्रेनेडही बनवले. खाण्याच्या दुसऱ्या कुठल्या पदार्थाच्या वाट्याला हे आलेलं मला आठवत नाही.

पण त्यात नवल नाही, कारण तिखट ही मुळात चवच नाही. आपल्या षड्रसांत तिला जागा आहे हे खरं. (तिथे तिचं नाव 'कटु', आणि तोच शब्द घसरत मराठीत 'कडू' झाला, हा भाषेचा गंमतीदार घोळ.) त्या काळचं तिखट मात्र मिरी, सुंठ आणि पिंपळीचं होतं. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणजे आपल्याकडे तिला जेमतेम पाचशे वर्षं झाली. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या मज्जातंतूंवर नेमकं कुठे जाऊन बसतं ते शोधलं. २०२१ च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. ज्या जागी कॅप्सेसिन बसतं तीच जागा साधारण ४३ अंशांवर तापमान गेलं की 'भाजतंय' असा इशारा देते. मिरची खाल्ल्यावर तोच इशारा जातो. भाजलेलं काहीच नसतं, पण दुखणं खरं असतं. पक्ष्यांना ते जाणवत नाही, म्हणून पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची आरामात खातो आणि आपण त्याच्याकडे कौतुकाने बघत बसतो.

तिखट ही वेदना आहे हे मान्य केलं की रोजचा स्वयंपाक एकदम नैतिक प्रश्न होतो. दुसऱ्याच्या जेवणात वेदना किती घालायची, हे कोणी ठरवायचं?

स्वतःपुरतं बोलायचं तर प्रश्न नाही. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने या आवडीला 'निरुपद्रवी आत्मपीडन' अशा अर्थाचं नाव दिलं आहे. शरीर ओरडतं, मन म्हणतं 'काही होत नाही', आणि या दोघांमधल्या फटीत मजा असते. आकाशपाळण्यासारखं. झणझणीत मिसळीच्या चॅलेंजचे रील्स करणाऱ्यांनी खुशाल करावेत. माझी तक्रार आहे ती त्यातून शौर्य काढण्याबद्दल. 'याला तिखट सोसत नाही' हे वाक्य आपण एखाद्याच्या चारित्र्यातलं वैगुण्य सांगावं तसं म्हणतो. गोडा मसाला खाणाऱ्या दादरच्या घरातल्या मुलाला हॉस्टेलवर हे चार वर्षं ऐकावं लागतं. प्रत्यक्षात रोज तिखट खाणाऱ्याची ती जागा हळूहळू बोथट होते. तो जास्त सोसत नसतो, त्याला कमी लागत असतं. मग शौर्य कुठलं?

इथे मला खरी अडचण दिसते. ज्याला सवय झाली त्याला दुसऱ्याला किती लागेल याचा अंदाज राहत नाही, आणि बहुतेक वेळा मसाल्याचा डबा त्याच्याच हातात असतो. 'अगं, काहीच तिखट नाही हे,' असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्यापुरतं ते खरंच असतं. तिखटाखेरीज बाकीच्या सोसण्याबद्दलही घरातली मोठी माणसं अशीच बोलतात, हे जाता जाता.

त्यात घातलेलं तिखट काढता येत नाही. वाढवता येतं, कमी करता येत नाही. पाणी ओतलं तर चव जाते आणि जळजळ राहते, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळतच नाही, तेलातुपात विरघळतं. एकाच दिशेने जाणारा निर्णय असेल तर तो शक्य तितका उशिरा आणि ज्याला भोगायचा आहे त्याच्या हातून व्हावा, हे प्रोग्रामिंगमध्ये आम्ही ठेचा खाऊन शिकतो. मराठी ताटाला हे फार आधीपासून माहीत आहे. उजवीकडे भाजी-आमटी, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवी बाजू सगळ्यांची. डावी बाजू ज्याची त्याची. तिथलं थोडंसंच वाढायचं आणि तुम्हाला हवं तर तुम्ही बोटाने उचलायचं. पुण्यात मिसळीबरोबर सँपल वेगळं येतं, कोल्हापुरात कट. वडापाववालाही पाव उघडल्यावर चमचा हवेत धरून अर्धा क्षण थांबतो आणि विचारतो, 'सुकी चटणी?' दादर स्टेशनबाहेर संध्याकाळी सात वाजता, मागे पंधरा माणसं उभी असताना, कुणीतरी तुमची परवानगी मागतं, हे काही कमी नाही.

इतकं लिहून मी थांबलो असतो तर सोपं झालं असतं. सौम्य शिजवा, तिखट बाजूला ठेवा, भांडण मिटलं. पण एप्रिलमध्ये लालबागच्या मिरची गल्लीत जाऊन उभं राहिलं की हे उत्तर अपुरं वाटायला लागतं. ठसक्याने डोळ्यांतून पाणी येत असतं आणि बायका पोत्यांपुढे वाकून मिरचीचं देठ मोडून वास घेत असतात. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, लवंगी अगदी मोजून, काश्मिरी ज्यांना फक्त लाली हवी त्यांना. सोबत धणे, दगडफूल, नागकेशर, बाद्यान. मग भाजणं आणि डंकावर कुटणं. मालवणी घराचा मसाला वेगळा, कांदा-लसूणवाल्या साताऱ्याचा वेगळा, गिरगावात खोताच्या वाडीतल्या ईस्ट इंडियन घरांचा बाटलीत भरलेला वेगळा. 'बेडगी दोन किलो, संकेश्वरी अर्धा' हा निर्णय एक बाई उभ्या उभ्या घेते आणि घरातली सहा माणसं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यावर जेवतात. तिथे डावी बाजू नाही. मिरची तेलात पडून कांद्याबरोबर परतली जाते तेव्हा तिखट आणि चव वेगळी काढता येत नाहीत. कच्ची लाल पूड वरून भुरभुरून जे होतं ते शिजलेल्या तिखटाच्या जवळपासही जात नाही. तिखटप्रेमी माणसाला 'तू वरून घे' म्हणणं म्हणजे त्याला कायम पाहुण्यासारखं जेवायला लावणं.

म्हणजे सौम्यतेचीही किंमत कुणीतरी देतोच. हे मला आजीच्या खाणावळीच्या गोष्टींमुळे कळलं. गिरणगावात घरोघरी अशा खाणावळी होत्या. गिरणी कामगार एकटे राहायचे, पाळीप्रमाणे येऊन जेवायचे आणि पगार झाला की पैसे द्यायचे. याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. आजी परळला दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस मेंबरांचं रांधायची. निम्मे राजापूर-मालवणकडचे, नारळाच्या वाटणावर वाढलेले. निम्मे आजीसारखेच घाटावरचे, ज्यांना नाकातून पाणी आल्याशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही. पातेलं एकच. दोन करायला ना स्टोव्ह होता ना रॉकेल.

तिचं उत्तर पळीत होतं. रस्सा थोडा निवला की तर्री वर येते आणि तिखट तेलाबरोबर वर येतं. 'वरनं वाढू का तळातनं?' एवढंच ती विचारायची. घाटावरच्यांना वरचं, कोकणातल्यांना पळी खोल घालून तळातलं. उत्तर हुशारीचं होतं, पण न्यायाचं होतं का? तर्रीबरोबर तेलही वरच्यांच्याच ताटात जायचं, आणि पाळीभर मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाला तेल ही चैन नव्हती. पैसे दोघे सारखेच भरत. एका मेंबराने हे तोंडावर बोलून दाखवलं म्हणे. तेव्हापासून तळातलं घेणाऱ्याला बटाट्याची एक फोड जास्त, रविवारी मटणाचा एक तुकडा जास्त. मग घाटावरचे कुरकुरायला लागले. हा हिशोब कधीच बरोबर जमला नाही असं आजी सांगते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, मेंबर एकेक करून गावी गेले आणि हिशोब तसाच राहिला.

मला हे न जमणं फार मोलाचं वाटतं. कमीत कमी कुरकुर होईल असं एकच प्रमाण काढून तिने विषय संपवला नाही. रोज पंचवीस वेळा विचारलं.

आणि डाव्या बाजूच्या माझ्या लाडक्या सिद्धान्ताला खरी ठेच लागते ती ठेच्यापाशी. माझी आजी लहानपणी माण तालुक्यात जे जेवली त्यात डावी-उजवी नव्हतीच. ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी आणि तिच्यावर ठेचा. कालवण असलं तर असलं. कोरडी भाकरी घशाखाली उतरायला तोंडाला पाणी सुटावं लागतं, आणि ते काम चार मिरच्या, मीठ आणि लसणाच्या दोन पाकळ्या सर्वात स्वस्तात करतात. तिथे तिखट ही निवड नव्हती, आणि ती निवड नव्हती म्हणून त्याची गोडी खोटीही ठरत नाही. आज तिच्यासमोर पनीर ठेवलं तरी ती ठेचा मागते. ही सवय आहे, आवड आहे, की जुन्या उपाशीपणाची खूण? मी एकदा विचारलं होतं. 'चांगला लागतो,' ती म्हणाली, आणि बोलणं तिथेच संपलं. परळच्या गिरणीच्या आवारात आता जी रेस्टॉरंट्स आहेत तिथे ठेचा इवल्याशा वाटीत, बटरमध्ये कालवून, ब्रेडबरोबर येतो. त्याने कुणाचं काही बिघडत नाही. फक्त मेनूकार्डावर त्याच्यापुढेही तीन मिरच्या छापलेल्या असतात.

राहता राहतो लहान मुलांचा प्रश्न. मिरची आवडणारं बाळ जन्माला येत नाही. मग विचारूनच तिखट द्यायचं ठरवलं तर कुणीच तिखट खाणारा तयार होणार नाही, असा युक्तिवाद माझा भाऊ करतो आणि मुलीला रस्सा भरवायला बघतो. रोझिन यांनी मेक्सिकोच्या खेड्यात पाहिलं होतं की तिथे मुलांवर जबरदस्ती होत नाही. मोठ्यांच्या पंगतीत बसून ती आपणहून हात पुढे करतात. आमच्याकडेही फोडणीआधी तिची आमटी वाटीत काढून ठेवतात आणि मटणाचा तुकडा पाण्यातून काढून देतात. पाच वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिने पणजीच्या ताटातल्या ठेच्याला बोट लावून जिभेवर ठेवलं. कुणी बघत नाही असं तिला वाटत होतं. डोळे भरले, नाक वाहायला लागलं, आई पाणी आणायला उठली. आजीने तिला खूण करून खाली बसवलं आणि पणतीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो चघळून झाल्यावर तिने पुन्हा ताटाकडे पाहिलं, आणि आजीने आपलं ताट थोडं तिच्या बाजूला सरकवलं.