काम संपलेल्या वस्तूंचा धर्म

खंडेनवमीला आमच्या परंड्यात विळा, कुऱ्हाड, पाभर आणि हल्ली ट्रॅक्टरसुद्धा धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून पुजतात. भाव सरळ असतो. ज्याच्यावर घर चालते त्याला एक दिवस विसावा आणि नमस्कार. दसऱ्याचे सोने लुटून झाले की ते पुन्हा कामाला लागते. पण ज्याचे काम कायमचे संपले त्याचे काय करायचे? आपली परंपरा याचे एकच उत्तर देत नाही. भंगलेली मूर्ती आपण पाण्यात विसर्जित करतो, संतांच्या पादुका मात्र पिढ्यान्‌पिढ्या जपतो. काय सोडायचे आणि काय जपायचे, हे ठरवायचे कशावरून?

हा प्रश्न परंड्याच्या भुईकोट किल्ल्यात समोरच उभा आहे. त्याच्या बुरुजांवर आजही तोफा आहेत. इथली सर्वांत प्रसिद्ध तोफ मात्र इथे नाही. मलिक-ए-मैदान 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे परंड्यात आली आणि 1632 मध्ये विजापूरला गेली. वजन सुमारे 55 टन. तोंडाशी जबडा वासलेले श्वापद आणि त्याच्या दातांत चिरडला जाणारा हत्ती. निजामशाहीने घडवलेली ही तोफ आदिलशाहीने मिरवली. विजापूर पडल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपला विजयलेख कोरला. 1854 मध्ये इंग्रजांनी ती लिलावात काढली, तेव्हा बोली 150 रुपयांवर थांबली आणि विक्री रद्द झाली.

मी इतिहास शिकवत असे. किल्ल्यात हे सांगत असताना सहावीतल्या एका मुलीने बुरुजावरच्या तोफेवर तळहात ठेवून विचारले, ‘‘बाई, मग ही आपली का त्यांची?’’ मी तिला म्हटले, बाजू तोफेची नसते, बत्ती देणाऱ्याची असते. हे उत्तर मला किल्ल्याने दिलेले नव्हते. एकोणिसाव्या शतकातले वेदान्ती हंसराज स्वामी परंड्याचे. त्यांच्या मठातल्या प्रवचनांत कर्तेपणाचा विचार लहानपणापासून कानांवर पडत आला आहे. धातू जड आहे. त्याला पाप नाही, पुण्यही नाही.

पण मग ते जपायचे तरी कशाला? वितळवून टाकले तर काय बिघडले? विक्रांतच्या वेळी हा प्रश्न टोकाला गेला. 1971 च्या डिसेंबरात या विमानवाहू नौकेवरून सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. 1997 मध्ये ती निवृत्त झाली, 2001 पासून काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांनी पाहिली. 2012 मध्ये तेही बंद झाले. 2014 मध्ये ती सुमारे 60 कोटींना भंगारात गेली आणि मुंबईच्याच दारूखान्याला तोडली गेली. तिच्या पोलादाचा काही भाग मोटारसायकलींत गेला. नाव मात्र कोचीला बांधलेल्या आणि 2022 मध्ये नौदलात दाखल झालेल्या नव्या नौकेला मिळाले.

रूप गेले, नाव उरले. वेदान्ताच्या दृष्टीने दोन्ही उपाधीच, तेव्हा शोक कसला, असे कुणी म्हणेल. पण शाळेच्या सहलीत आमची मुले तिच्या डेकवर उभी राहिली होती. दुष्काळी भागातली मुले, बहुतेकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला. एवढ्याशा जागेत विमान थांबते कसे, असे एकाने विचारले. तिथल्या माणसाने खाली वाकून, विमानाचा आकडा अडकतो ते आडवे तारदोर कुठे ताणलेले असत ते बोटाने दाखवले. पाठोपाठ दुसरा म्हणाला, ‘‘आणि बाँब पडले तिथली माणसं?’’ तो माणूस क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘‘तीही माणसंच होती, बाळा.’’ विक्रांत तुटली तेव्हा माझ्या लेखी हे गेले: विचारण्याची आणि सांगण्याची जागा.

विक्रांत मुंबईत तुटली, पण मुंबईच्याच गोदीत बांधलेली एक जुनी नौका अजून पाण्यावर आहे. लवजी नसरवानजी वाडिया 1736 च्या सुमारास सुरतेहून आले, 1750 मध्ये मुंबईत सुकी गोदी झाली आणि वाडियांच्या पिढ्यांनी मलबारी सागवानाची जहाजे बांधली. 1816 मध्ये जमशेदजी बोमनजी वाडियांनी ‘ट्रिंकोमाली’च्या कण्यात चांदीचा कोरीव खिळा ठोकला. जहाज सुखरूप राहावे ही पारशी श्रद्धा त्यामागे होती. 1817 मध्ये पाण्यात उतरलेली ती नौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला संग्रहालय आहे. इंग्लंडमधलीच चॅटमची आरमारी गोदी चारशेहून अधिक वर्षे चालून 1984 मध्ये बंद पडली आणि तिचे संग्रहालय झाले. पण तिथल्या दोरखान्यात अजून दोर वळले जातात. पाहणाऱ्याला काचेमागे दोराचा तुकडा दिसतो, तसे दोर वळणारे हातही दिसतात.

आमच्या तालुक्यात याहून जवळचा दाखला आहे. सीना नदीकाठी डोमगावला कल्याणस्वामींचा मठ आहे. समर्थांचा दासबोध कल्याणस्वामींनी स्वहस्ते लिहिला, ती प्रत या मठाने जपली. विसाव्या शतकाच्या आरंभी धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी त्या प्रतीवरून ग्रंथ छापला आणि ते अक्षर घरोघरी वाचले जाऊ लागले. पोथी बासनातच राहिली असती तर आपण तिला फुले वाहिली असती, एवढेच.

म्हणून माझे उत्तर असे आहे. जड वस्तू साक्ष देत नाही. साक्षी असते ती पाहणाऱ्यातली जाणीव. जिथे विचारणारा आहे आणि खरे सांगणारा आहे, तिथे काम संपलेली वस्तू जपणे हा धर्म आहे. जिथे दोघेही नाहीत, तिथे तो मोह आहे. तिथे विसर्जनच बरे. आणि सांगायचे ते पुरते सांगायला हवे: ओतली कुणी, ओढत नेली कुणी, मेले कोण. अर्धे सांगणारे संग्रहालय शस्त्राला पुन्हा बत्ती देते. परंड्याच्या तोफा कुठे जात नाहीत. त्यांच्याजवळ उभे राहून पोरांच्या प्रश्नाला न टाळता उत्तर देणारी माणसे तयार करणे, हे आपल्याला करायचे आहे.